ऐन जौझचं तरस

आमच्या डोंगरात कबुतरं उडवणाऱ्याची साक्ष धरत नाहीत. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही, पण लेबनॉनमध्ये लिहिलेलं कोण पाळतो आणि न लिहिलेलं कोण मोडतो? लोकांचं म्हणणं असं, की कबुतरवाला दुसऱ्याचं कबुतर फूस लावून आपल्या गच्चीवर उतरवतो आणि वर देवाची शपथ घेऊन सांगतो, की हे माझंच. कबुतरांच्या बाबतीत हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण कुत्र्याच्या बाबतीत खोटं बोलून मला काय मिळणार होतं? असो. माझं नाव मिल्हिम. तुम्हाला पटलं तर ऐका.

माझी गच्ची ऐन जौझ गावाच्या अगदी टोकाला आहे. तिच्याखाली ओकची खुरटी झुडपं थेट ओढ्यापर्यंत उतरत जातात. शिकारीचा मोसम लागला की आमच्या गावचे मर्द पहाटे उठतात. एरवी शेतावर जायचं तर त्यांना सूर्य डोक्यावर यावा लागतो. तोळाभर मांसाच्या पक्ष्यावर हे मूठभर छर्रे उधळतात. पक्षी संपले की बाटल्यांवर झाडतात, बाटल्या संपल्या की रस्त्याच्या पाट्यांवर. आमच्या गावाच्या पाटीची इतकी चाळण झाली आहे, की तिच्यावरचं नाव आता ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच वाचता येतं. माझी कबुतरंही ते पाडतात. विचारायला गेलं तर म्हणतात, रानकबुतर वाटलं. पायात कडी घातलेलं रानकबुतर.

या सगळ्यांचा म्होरक्या नौफल. टायरचं दुकान चालवतो, दुनळी बंदूक बाळगतो, आणि ती भरलेली बंदूक पिकअप गाडीत शेजारच्या सीटवर ठेवतो. तिथे बायकोही बसते कधीकधी; तेव्हा बंदूक तिच्या मांडीवर असते.

त्या हिवाळ्यात कुणीतरी उकिरड्याजवळ तरस पाहिल्याची आवई उठली. झालं, अख्खं गाव पेटलं. तरस म्हणजे आमच्याकडे नुसतं जनावर नाही. ते माणसाला झपाटतं, आणि झपाटलेला माणूस 'बाबा, थांबा ना बाबा' करत त्याच्या मागोमाग गुहेपर्यंत जातो, असं शिकलेसवरलेलेही मान खाली घालून सांगतात. जो तो काडतुसं भरून हिंडू लागला.

अशातच एका शनिवारी, पाऊस उघडल्यावर, सित वदाद रानभाजी खुडायला झुडपांत उतरली. दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. अर्ध्या गावाने तिची सुई खाल्ली आहे, म्हणून सगळे तिला मानाने 'सित' म्हणतात. घरात ती एकटी, आणि सोबतीला बुर्गुल. दळलेल्या गव्हाच्या रंगाचा, अंगावर काळपट पट्टे असलेला थोराड कुत्रा. दिसायला दांडगा, पण मांजर दिसलं की तिच्या घागऱ्यामागे लपायचा. रोज सकाळी ती पुढे, तो मागे. त्या दिवशी तो पुढे होता.

मी नुकतीच कबुतरं सोडली होती. खाली नौफलची गाडी येऊन थांबली. इंजिन चालू, रेडिओ चालू. झुडूप हललं. हा पठ्ठ्या गाडीतून उतरलासुद्धा नाही. खिडकीतून नळी बाहेर काढली आणि झाडली. त्या आवाजाने थोडं पलीकडे काहीतरी तपकिरी दचकून उभं राहिलं, त्याच्यावर दुसरी नळी झाडली. ते तपकिरी म्हणजे सित वदादचा कोट होता, आणि कोटात सित वदाद होती.

मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. रेडिओपुढे कोण ऐकतो. नौफल झुडपात शिरला, वाकला, जनावराच्या गळ्यातून काहीतरी ओढून काढलं आणि लांब फेकलं. मग ते धूड गाडीत टाकून निघून गेला. पलीकडे जमिनीवर काय पडलंय हे बघायला तो गेला नाही.

मी जिने कसे उतरलो ते माझं मला माहीत. सित वदाद चिखलात बसली होती, भाजी चौफेर सांडलेली. कोटाचा खालचा घेर छर्ऱ्यांनी फाटला होता, अंगाला मात्र खरचटलंही नव्हतं. मला बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "बुर्गुल कुठाय रे?"

जिथे नौफल वाकला होता तिथे शोधलं. गळ्यातला निळा पट्टा सापडला. तो मी तिच्या हातात दिला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, खिशात ठेवला, आणि म्हणाली, "चल, वर जाऊ."

आम्ही चौकात पोचेपर्यंत लग्नाची वरात निघावी तसा थाट झाला होता. गाडीच्या टपावर बुर्गुलला आडवा बांधलेला. तरसं दोन होती, दुसरं निसटलं, असं नौफल जो भेटेल त्याला सांगत होता. बायका गच्च्यांवरून तांदूळ उधळत होत्या, आनंदाने किलकारत होत्या. पुरुष आभाळात गोळ्या झाडत होते. त्या खाली कुठे पडतील याची फिकीर त्यांना आभाळाइतकीच लांब. आमचा मुख्तार अबू रागिद, म्हणजे ज्याच्या शिक्क्याशिवाय गावात जन्म होत नाही आणि मरण येत नाही, तो कुत्र्याच्या मानेवर बूट ठेवून फोटो काढून घेत होता. आणि लोक रांगेने पुढे येऊन केस उपटत होते. तरसाचा केस पोराच्या गळ्यात बांधला की दृष्ट लागत नाही ना. मिशा तर आधीच संपल्या होत्या. पाठीवर, मानेवर, कानामागे, जिथे हात पोचला तिथे टक्कल पडलं होतं.

सित वदाद गर्दीतून पुढे गेली. तिने त्या उघड्या पडलेल्या कातडीवर हात ठेवला.

"हा माझा बुर्गुल आहे."

किलकाऱ्या थांबल्या. मला वाटलं, आता तरी कुणाला लाज वाटेल. पण लाज वाटायला आधी हातातले केस खाली टाकावे लागतात.

"सित वदाद," अबू रागिद मायेने म्हणाला, "तुम्ही घाबरला आहात. तरस बघून भलेभले चळतात."

"अबू रागिद, गेली कित्येक वर्षं तुमच्या दारावरून जाताना तुम्ही याला 'हाड' म्हणता. मी तरसाला घेऊन फिरत होते का?"

"कुत्र्याच्या अंगावर पट्टे असतात का कुठे?" मागून कुणीतरी म्हणालं.

"याला होते."

"कुत्रा असता तर भुंकला असता."

"केव्हा? मेल्यावर?" मी विचारलं.

"तू गप रे कबुतरवाल्या."

सित वदादने खिशातून पट्टा काढून दाखवला. तो हातोहात फिरला. एकाने वास घेतला. शेवटी ठरलं, की पट्टा कुत्र्याचाच आहे, त्यात वाद नाही. म्हणजे तरसाने बुर्गुलला खाल्लं असणार, आणि नौफलने त्याचा सूड घेतला. बाईने उलट नौफलचे आभार मानले पाहिजेत. नौफल तेवढ्या वेळात एकदाही तिच्याकडे बघत नव्हता.

तिने तक्रार केली. दुपारी ठाण्यातून हवालदार आला. बैठक अबू रागिदच्या घरी बसली. कॉफी झाली, सफरचंदं कापून झाली, मग हवालदाराने पेन काढलं.

"पाहिलं कुणी?"

"मी," मी म्हणालो.

"काय करतोस?"

सगळी बैठक हसू लागली. अबू रागिदने हवालदाराच्या कानात दोन शब्द सांगितले. हवालदाराने पेनाला टोपण घातलं. "हे बघ भावा, मला वैयक्तिक पटलंय. पण हे लिहून नेलं तर वरचे मलाच हसतील."

सित वदाद कोपऱ्यात बसली होती, कोट घडी करून मांडीवर. ती रडत नव्हती. ती नौफलला म्हणाली, "पोरा, सकाळपासून ऐकतेय, की तरसं दोन होती."

नौफलला हायसं वाटलं. पहिल्या तरसापेक्षा दुसऱ्याबद्दल बोलणं सोपं. ते हजर नव्हतं ना. "होती की. दुसरी मादी होती. याच्याहून मोठी."

"दिसायला कशी?"

"म्हातारी असावी. बूड हे एवढं. खाली वाकून काहीतरी कुरतडत होती."

"अस्सं. रंग?"

"तपकिरी. घाणेरडा, कधी अंगाला पाणी न लागल्यासारखा."

लोक हसले. त्यामुळे त्याला अजून चेव आला.

"मी नेम धरला तशी कोलमडली. पण जात चिवट. सरपटत निसटली. आता कुठेतरी कण्हत पडली असेल."

सित वदाद उठली. तिने कोट अंगात घातला आणि बैठकीकडे पाठ करून उभी राहिली. कोटाच्या भोकांतून पलीकडची खिडकी दिसत होती.

"हा कोट मी गेल्याच आठवड्यात धुतलाय," ती म्हणाली.

सफरचंदाचा तुकडा कुणाच्या तोंडात होता तो तिथेच राहिला. नौफल पांढराफटक पडला. मी मनात म्हटलं, आता हा उठेल, तिच्या पायावर डोकं ठेवेल, बंदूक हवालदाराच्या स्वाधीन करेल. म्हणजे मीसुद्धा मूर्खच.

"देवाची कृपा, तुम्ही वाचलात," अबू रागिदने घसा खाकरला. "पण रागावू नका, सित वदाद. ऐन मोसमात तपकिरी कोट घालून झुडपात वाकायचं, म्हणजे बिचाऱ्या शिकाऱ्याने तरी काय समजायचं?"

बैठकीला एकदम पायाखाली जमीन सापडली. लाल कोट घालायचा. गाणं म्हणत जायचं. भाजी बाजारात मिळते की. हवालदारानेही पेनाचं टोपण पुन्हा काढलं, कारण आता लिहिण्यासारखं काहीतरी होतं: नागरिकांनी रानात जाताना चमकदार नारिंगी जाकीट घालावं. नौफलनेच ते आणून द्यावं, असंही ठरलं; तेवढीच त्याला शिक्षा. नळी कुठे रोखली आहे हे बघायचं काम शिकाऱ्याचं नाही, तर नळीपुढे येणाऱ्याचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे फाशी नारिंगी रंगाची होती. आणि दुसरं तरस सित वदाद निघाली तरी पहिलं तरसच राहिलं. त्याचे केस एव्हाना पुरचुंड्यांत शिवून पोरांच्या गळ्यात गेले होते.

कुत्रा आम्ही दोघांनी तिच्या अंजिराखाली पुरला. त्याच्या अंगावर इतके कमी केस उरले होते, की तिने त्याला आपल्या शालीत गुंडाळला. माती लोटताना ती म्हणाली, "मला दुसरा कुत्रा नको, मिल्हिम. पैसे नकोत. त्याने चौकात उभं राहून सांगावं, की मी न बघता गोळी झाडली. एवढंच. आज सांगितलं नाही, तर उद्या तो पुन्हा न बघता झाडणार."

मी म्हटलं, "तो सांगेल तेव्हा माझी कबुतरं अंडी द्यायची थांबून पिल्लंच देतील."

जाकीट आलं. नौफल दाराच्या कडीला अडकवून पळाला. सित वदादने ते घातलं, प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, थर्मास भरला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नौफल जिथे दबा धरून बसतो त्या दगडासमोर जाऊन बसली.

नौफलने पक्ष्यांचे खोटे आवाज काढणारं यंत्र लावलं. पक्षी येत, नारिंगी ठिपका बघून वळत. त्याने जागा बदलली. मी गच्चीवर होतोच. कबुतरं उडवायची लांब काठी, टोकाला फडकं. गाडी ज्या बाजूला वळे त्या बाजूला मी फडकं हलवत असे, आणि खुर्ची तिकडे निघत असे. ती रोज त्याला एकच विचारायची: "दिसतेय ना नीट?"

बाकीचे शिकारी आधी हसले, मग चिडले, मग नौफलवर उखडले. "तुझ्या म्हातारीला आवर." "माझी कुठली?" "तूच मारणार होतास ना तिला? मग तुझीच." कुणी तिला गोळी घालण्याची भाषाही केली, पण एवढ्या ठळक माणसाला चुकून मारलं म्हणता येत नाही, ही जाकिटाची मोठीच सोय होती. थंडी वाढली. ती ब्लँकेट घेऊन बसू लागली, जाकीट ब्लँकेटवरून.

एका पहाटे नौफल बंदूक गाडीतच ठेवून तिच्याजवळ गेला. मी काठी टाकून खाली उतरलो होतो, न जाणो म्हणून.

"सित वदाद, किती दिवस बसणार?"

"मोसमभर. पुढच्या मोसमातही."

तो तिच्यासमोर ओल्या मातीत बसला. नखाने चिखल उकरू लागला.

"उचलला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "गळ्यात पट्टा होता. तो फेकला. रस्त्यात पहिल्याच माणसाने विचारलं, तरस मारलंस काय रे? मला नाही म्हणायचं होतं. तोंडच उघडलं नाही. मग तांदूळ पडायला लागले."

"आणि माझ्यावर?"

"काय आहे ते बघितलंच नाही. हललं, म्हणून झाडली."

"हे मला नको सांगूस. मला माहीत आहे. चौकात सांग."

"लोक थुंकतील माझ्यावर."

"थुंकू देत. पुसायला रुमाल देते मी."

आणि त्याने सांगितलं. खरंच सांगितलं, मी त्याला जन्मभर डरपोक म्हणत आलो, तेवढा एक रविवार सोडून. चौकात अबू रागिदचं दुकान आहे, त्याच्यापुढे गाव जमलं होतं. नौफल पायरीवर उभा राहिला. शब्द स्वच्छ होते. "तो कुत्रा होता. सित वदादचा. मला तेव्हाच कळलं होतं. दोन्ही वेळा मी न बघता झाडली. बाई मेली असती. मी बंदूक विकणार नाही, कुणाला देणारही नाही. ठाण्यात जमा करणार."

कुणी थुंकलं नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग एका बाईने पोराला छातीशी ओढलं, त्याच्या गळ्यातल्या पुरचुंडीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "झपाटलंय ह्याला."

एवढं पुरे झालं. तरसाने झपाटलंय. मारताना डोळ्यात डोळा गेला असणार. म्हणून तर त्या म्हातारीच्या मागे मागे जाऊन मातीत बसतो. गावाला असं हायसं वाटलं, की विचारू नका. खरं मानण्यापेक्षा माणूस वेडा मानणं केव्हाही स्वस्त.

झपाटलेल्यावर आमच्याकडे एकच उतारा: कपाळातून रक्त काढायचं, की माणूस शुद्धीवर येतो. अबू रागिदने वेळ दवडला नाही. दोघांनी नौफलचे दंड धरले, आणि मुख्तारने स्वतःच्या शिक्क्याच्या हाताने त्याचं डोकं दुकानाच्या दगडी चौकटीवर आपटलं. भुवईवर कातडी फाटली. रक्त डोळ्यात उतरलं.

"आता सांग, बाळा," अबू रागिद लाडाने म्हणाला. "काय होतं ते?"

नौफलने रक्त पुसलं. एक शब्द हवा होता. तरस म्हणाला असता तर पुन्हा तांदूळ पडले असते.

"कुत्रा."

"अजून उतरलेलं नाही," अबू रागिद म्हणाला. "पुन्हा धरा."

"हात लावून बघा त्याला," सित वदाद म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नाही. पण दवाखान्यात तीस-चाळीस वर्षं ज्या आवाजाने या सगळ्यांना चड्ड्या खाली करायला लावल्या होत्या तो आवाज होता, आणि दोघांचे हात आपोआप सुटले. तिने नौफलला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या, घरी नेलं, खिडकीजवळ उजेडात बसवलं. मी पाणी उकळलं. तिने चष्मा लावला, सुई ज्योतीवर धरली, दोरा ओवला. त्या शनिवारी या माणसाने काय हललं ते न बघता तिच्यावर नळी झाडली होती, आणि आता तो तिच्यापुढे लहान पोरासारखा आक्रसून बसला होता.

"दुखेल का?" त्याने विचारलं.

"दुखेल," ती म्हणाली. "पण मी कुठे टोचतेय ते मला दिसतंय."